अर्ध्या वाक्यांचा आजार

३ फेब्रुवारी

ती. दादास नमस्कार.

पत्र बघून घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण घाबरायला हरकत नाही. फोनवर हे सांगता येत नाही. दुकानात गिऱ्हाईक कान देऊन बसतं, आणि घरी आमचे हे ऐकता ऐकता स्वतःच आजारी पडतात. म्हणून पत्र.

नानांचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही.

त्यांच्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त तिकीट तपासनीस परवा चष्म्याची दांडी बसवायला आले. दांडी धडधाकट होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "ताई, तुमचे वडील दुपारभर एकटेच बोलतात. माझ्या डोक्यावर चार पावलं जातात, थांबतात, मग बोलणं. आणि एक वाक्य पुरं करतील तर शपथ. सुरुवात करतात आणि गप्प. मी खाली पुढच्या शब्दाची वाट बघत पडून असतो. माझी झोप गेली."

दुकान ह्यांच्यावर टाकून गेले. जिना तुला माहीत आहेच, सतरा पायऱ्या आणि कठड्याच्या नावानं शून्य. दार लोटलेलं होतं. नाना खिडकीशी उभे, पाठ माझ्याकडे. अगदी हळू, श्वासातल्या श्वासात म्हणत होते, "युवराज, आपल्या डोळ्यांत मला..." आणि थांबले. मी म्हटलं, "नाना?" ते वळले. माझ्याकडे नीट बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "महाराणींना सांगा, प्रधान आत्ता..." पुढे काही नाही. खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहिले. जाईपर्यंत मला नावानं हाक मारली नाही.

मागच्या वर्षी विंगेतल्या लाकडी पायरीवरून पडून मांडीचं हाड मोडलं, तेव्हा नाटक सोडल्याचं वचन मीच घेतलं त्यांच्याकडून. अडतीस वर्षं प्रॉम्प्टर म्हणून उभा राहिलेला माणूस एका दिवसात घरी बसवला. जुनं नाटक आता डोक्यात फिरत राहिलं असेल का? माझ्यामुळे झालं का हे?

डॉक्टर म्हणाले, या वयात होतं, एकटं ठेवू नका.

तुझं मत कळव. संस्कृतात नको, मराठीत.

तुझी
धाकटी

●

८ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद. (नेहमीचेच आहेत. संपत आले की कळव.)

मराठीत लिहायची अट वाचली. तू गिऱ्हाइकांना "सिलिंड्रिकल पॉवर" म्हणतेस तेव्हा मी कधी अट घातली का? असो.

उपचाराच्या आधी निदान, असा शास्त्राचा क्रम आहे. धूर दिसला तर आग असते, पण धुकं दिसलं तर नसते, आणि तुमचे तपासनीस या दोहोंत फरक करणारे गृहस्थ वाटत नाहीत. नोकरीभर त्यांनी तिकीट काढलेल्या माणसालाही दोनदा धरलं.

नानांना मी तुझ्याआधी सात वर्षं ओळखतो. आई बाजाराची पिशवी काढायची तेव्हा त्यांना ऐकू येईनासं व्हायचं आणि पिशवी परत खुंटीला लागली की यायचं. तेव्हा हे सोंग असण्याची शक्यता मी नाकारत नाही. तुझ्या वचनाचा राग असेल.

कसोटी सोपी आहे. सोंग प्रेक्षकासाठी असतं. प्रेक्षक उठून गेला की नट घाम पुसतो. खरं वेड मात्र रिकाम्या खोलीतही चालू राहतं. तू निरोप घे, दणादण जिना उतर, मग अनवाणी वर ये आणि दाराआड अर्धा तास उभी राहा. नाना पेपर वाचत बसलेले दिसले तर सोंग. एकटेही तेच करत असले तर काळजीचं कारण. ही कसोटी अव्यभिचारी आहे, म्हणजे तुझ्या मराठीत, हिला चुकणं माहीत नाही.

स्वतःला दोष देत बसू नकोस. तो कामधंदा असलेल्या माणसांचा उद्योग नव्हे.

दादा

●

१६ फेब्रुवारी

ती. दादास नमस्कार.

तुझी कसोटी तीनदा घेतली. तिसऱ्या वेळी पायात खिळा गेला.

माझ्यासमोर ते दोन वाक्यं बोलतात. एकटे असले की दोनशे. मी जिना उतरून परत चढेपर्यंत त्यांनी खुर्ची बाजूला सरकवली होती. कोट अडकवायच्या स्टँडपुढे वाकून मुजरा केला. त्याला काहीतरी विचारलं, उत्तराची वाट पाहिली, मान डोलावली, संशयानं त्याच्याभोवती एक फेरी मारली. सगळं कुजबुजत, सगळं अर्धं अर्धं. मग, ऐक, मांडीला हात लावून सावकाश जमिनीवर आडवे झाले आणि डोळे मिटले. एक हात छातीवर. पाच मिनिटं हालचाल नाही. मी दार ढकलणारच होते, इतक्यात एक डोळा उघडून घड्याळ बघितलं आणि उठून बसले.

तेव्हा तुझ्या शास्त्राप्रमाणे खरं वेड.

मी ठरवलं आहे. दहा मार्चला त्यांना आमच्याकडे आणते. दुकानामागच्या खोलीत फ्रेमची खोकी आहेत, ती हलवते. जिना नाही आणि दिवसभर डोळ्यांसमोर राहतील. त्यांची जागा सोडून द्यायची. मालक वर्षभर तिच्यासाठी टपलेलाच आहे, एकदा सोडली की परत मिळणार नाही. पण काय करू? सतरा पायऱ्यांवर असा माणूस ठेवू?

नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी या महिन्यातलं पहिलं पूर्ण वाक्य उच्चारलं. "दहा मार्चला नको." का, म्हटलं, तर परत भिंत.

धाकटी

●

१९ फेब्रुवारी

चि. पंडितास,

तू गाढव आहेस. आशीर्वाद मागाहून.

मला काही झालेलं नाही. हे पत्र पूर्ण वाक्यांत लिहितो आहे, त्यावरून खात्री करून घे.

आपली मंडळी ती जुनी शोकांतिका परत करत आहेत. तुला आठवत असेल, तू विंगेत माझ्या पायाशी पेंगत असायचास. बापाच्या खुन्याला गाफील ठेवण्यासाठी युवराज वेडाचं सोंग घेतो आणि ते वेड खरं की खोटं हे तपासायला म्हातारा प्रधान नेमलेला असतो. प्रधानाचं काम करणारे गृहस्थ मुलीकडे राहायला गेले. नव्या दिग्दर्शिका बाई माझ्याकडे आल्या, म्हणाल्या, "नाना, तुम्हाला तर सगळ्यांचंच पाठ आहे." पंडिता, अडतीस वर्षं मी त्या उजेडापासून चार फुटांवर उभा होतो. ते चार फूट ओलांडा असं मला कोणी म्हटलं नव्हतं. मी हो म्हणालो. तुझ्या बहिणीला दिलेलं वचन त्यानंतर आठवलं.

अडचण अशी की मला वाक्यं अर्धीच येतात. प्रॉम्प्टरनं पहिले तीन शब्द द्यायचे आणि थांबायचं, पुढचं नटाचं. जिभेला तेच वळण. म्हणून दुपारी घोकत होतो. तुझी बहीण दारात उभी राहिली तेव्हा खरं सांगितलं असतं तर काम तिथंच गेलं असतं. निर्णयाला दीड सेकंद होता. प्रॉम्प्टरला तो पुष्कळ होतो. मी वेडा झालो.

एक-दोन भेटींत निभलं असतं. पण तू तिला दाराआड उभं केलंस. (तुझं पत्र ती इथे खुर्चीवर विसरून गेली होती, वाचलं.) सोंग प्रेक्षक गेल्यावर थांबतं म्हणे. तुझ्या शास्त्रात तालमीचं प्रकरण नाही का?

प्रयोग २९ मार्चला आहे. जागा १० ला सुटते. तिच्या दुकानामागून मी तालमीला कसा निघणार? ती गिऱ्हाइकाचा डोळा तपासताना दुसऱ्या डोळ्यानं रस्ता बघते. शहाणा ठरलो तर नाटक जातं, वेडा ठरलो तर घर जातं. दोन्ही राहतील असं काही तुझ्या विद्येत असेल तर बघ. तिला सांगायचं नाही. तुला तुझ्या आईची शपथ.

नाना

●

२३ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझ्याविषयीचा अभिमान दुणावला. इतकी सेवा, इतकी तळमळ. तुझ्यासारखी बहीण लाभली हे माझं भाग्य.

फक्त तारखेविषयी सुचवतो. जुने लोक सूचीकटाह न्याय सांगतात. लोहाराकडे एकानं सुई मागितली आणि एकानं कढई, तर शहाणा लोहार आधी सुई करतो. लहान काम आधी. खोलीला रंग देणं ही सुई. नानांना हलवणं ही कढई. आधी रंग दे, वाळू दे, नव्या रंगाचा वास पुरता जाऊ दे. माझ्या हिशेबानं हे तीस मार्चपर्यंत नीट जमतं. जागामालकाला तोवर काही कळवू नकोस.

वहिनीचा तुला नमस्कार. खिळ्याच्या जागी औषध लाव.

दादा

●

२८ फेब्रुवारी

ती. दादास नमस्कार.

रंगाचा माणूस आला आहे. पिवळा निवडला.

इकडे मात्र प्रकार वाढला. काल नानांनी मेणबत्ती खाल्ली. अर्धी. उरलेली अर्धी मला दिली, म्हणाले, घे, गार होईल. आज सकाळी गेले तर बूट गॅसवर ठेवून झाकण शोधत होते. माझा धीर सुटत चालला आहे. काय करू सांग.

धाकटी

●

४ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

धीर सोडू नकोस. मेण हा पदार्थ निरुपद्रवी आहे. मधमाश्या आयुष्यभर त्यातच राहतात आणि त्यांच्या उद्योगीपणाचे दाखले आपण मुलांना देतो. अर्धी तुला दिली यात वाटून खाण्याचा जुना संस्कार दिसतो, तो शाबूत आहे हे शुभलक्षण. बुटांचं म्हणशील तर ओले असतील.

वार्धक्यात अशा लहरी येतात आणि साधारण महिनाअखेर ओसरतात. रंग कसा वाळतो आहे?

दादा

●

७ मार्च

ती. दादास,

नमस्कार तुझा तूच करून घे.

आमच्याकडे लायसन्ससाठी डोळे तपासायला ड्रायव्हर येतात. काही जण अक्षरांचा फळा पाठ करून येतात. त्यांच्यासाठी माझी एक रीत आहे. काच बदलते आणि विचारते, "खालच्या ओळीतला तो छोटा चौकोन आता स्पष्ट झाला?" चौकोन तिथे नसतोच. ज्याला खरंच बघायचं असतं तो म्हणतो, कुठला चौकोन? पाठ करून आलेला म्हणतो, हो ताई, आता एकदम छान.

नानांनी मेणबत्ती खाल्लेली नाही. बूट दाराशीच आहेत.

आपला बाप मेणबत्ती खातो हे वाचून माणूस पहिली गाडी पकडतो. तू मला मधमाश्या लिहून पाठवल्यास. त्याच्या आधीच्या पत्रात तर मला भाग्य म्हणालास. चाळीस वर्षांत तू मला फार तर "बरी आहेस" म्हणाला आहेस, तेही ताप आला होता तेव्हा. तेव्हाच संशय आला होता.

काय माहीत आहे तुला? आणि कधीपासून? अनवाणी जिना चढणारी मी, पायात खिळा माझ्या, झोप उडाली माझी. सगळं लिही. न्याय बीय नकोत.

धाकटी

●

१० मार्च

चि. धाकटे,

नाना शहाणे आहेत. २९ तारखेच्या नाटकात प्रधानाचं काम करत आहेत. तू ऐकलंस ती त्याची वाक्यं होती. जमिनीवर आडवे झाले तो चौथा अंक होता, तिथे प्रधान मरतो. मला त्यांच्या १९ फेब्रुवारीच्या पत्रापासून माहीत आहे, आणि आईची शपथ आज मोडली. आई असती तर तिनंच मोडून दिली असती.

त्यांचं पत्र सोबत जोडतो. "चार फूट" असं जिथे लिहिलं आहे तेवढं दोनदा वाच. मी तिथे पेंगत असायचो हे खरं, पण एकदा जागा होतो. टाळ्या पडत होत्या, पडद्यापुढे सगळे ओळीनं वाकले होते, आणि नाना वही मिटून विंगेतच थोडेसे वाकले. कोणाला दिसेल इतके नाही.

वचन मोडलं हे वाईटच. पडले तर दुसरी मांडी मोडेल हेही खरं. मी इथून न्याय लिहू शकतो, जिना तू चढतेस. तेव्हा ठरवणं तुझ्याकडे. ओरडायचं असेल तर मला ओरड, माझा जिना दूर आहे.

दादा

●

१५ मार्च

ती. दादास नमस्कार. (निम्मा.)

पत्र वाचलं त्या संध्याकाळी तडक तालमीच्या हॉलवर गेले. हाताला धरून घरी आणायचं असं ठरवूनच. आत काळोख, मंचावर उजेड. मागच्या रांगेत खांबाशी बसले, म्हटलं, त्यांचं एकदा बघू आणि मग ओढू.

दादा, त्यांचं काही ऐकूच येत नाही.

हात छान हलतात. संशयानं बघतात ते तर असं, की मलाच वाटलं, आपण काही केलं का. पण आवाज? अडतीस वर्षं कुजबुजलेला माणूस. तोंड हलतं आणि हॉलमध्ये पंख्याचा आवाज. वर दुसरा कोणी नट क्षणभर थांबला की नानांचे ओठ त्याचं वाक्य द्यायला लागतात. महाराणी बोलत असताना प्रधानाचे ओठ महाराणीबरोबर. युवराज शेवटी म्हणाला, "नाना, माझं मला बोलू द्या." नाना म्हणाले, "तू थांबलास." तो म्हणाला, "मी विचार करत होतो." नाना म्हणाले, "माझ्या वेळी विचार घरून करून यायचे."

तालीम सुटताना बाई युवराजाला हळूच म्हणाल्या, "रविवारपर्यंत बघू. नाहीतर प्रधान बदलावा लागेल. नानांना सांगायचं कसं, तेवढं कळत नाही." माझ्या पुढच्याच रांगेत उभ्या होत्या.

म्हणजे मला काही करायलाच नको होतं. गप्प घरी गेले असते तरी नाटक सुटलं असतं, वचन टिकलं असतं, खोली रंगवलेली आहेच. इतकं आयतं मला आजवर काही मिळालं नव्हतं.

सगळे गेल्यावर नाना मंचावर एकटे उभे होते. मोठ्यानं बोलायचा प्रयत्न करत होते. घशाला हात लावून. पोहायला येत नसताना मुलं पाण्यात उतरतात ना, तसा चेहरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गेले. ते लगेच खुर्चीत भिंतीकडे तोंड करून तयार. मी म्हटलं, "महाराणींनी वैद्यांना विचारलं. वैद्य म्हणाले, प्रधानजींच्या आजाराला एकच उपाय. रोज सकाळी जिन्याच्या तोंडाशी उभं राहायचं आणि खालच्या तपासनिसांना कालच्या दिवसाची हकीकत सांगायची. पूर्ण वाक्यांत. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गेला पाहिजे." नाना माझ्याकडे बघत राहिले. नाही कसं म्हणणार? नाही म्हणायला शहाणं व्हावं लागतं.

तपासनिसांना मी फुकट नवी काच बसवून दिली आहे. शब्द कळला नाही की ते खालून म्हणतात, "तिकीट दाखवा." म्हणजे परत सांगा.

नानांना यातलं एक अक्षर कळवायचं नाही. या वेळची शपथ माझी आहे आणि मी जिवंत आहे.

धाकटी

●

२२ मार्च

चि. पंडितास आशीर्वाद.

तुझी बहीण मला वेडा समजून माझा जीव घेते आहे. रोज सकाळी अर्धा तास जिन्यावरून ओरडायला लावते. काल काय खाल्लं, कोण भेटलं, पेपरात काय होतं. वाक्य अर्धं सुटलं की खालचा तो इसम तिकीट मागतो. परवा पेपरातला अख्खा अग्रलेख सांगितला तेव्हा कुठे त्यानं मला जाऊ दिलं.

दुपारी ती वाफ घ्यायला लावते. मग मला खोलीच्या या टोकाला उभं करून स्वतः त्या टोकाला बसते, पाठ करून, आणि म्हणते, "प्रधानजी, मला ऐकू येत नाही असं समजा." बिचारी. वेड बरं करण्याची तिची ही कल्पना.

कळवायचं म्हणजे, रविवारी बाईंनी मला थांबवून घेतलं. काहीतरी सांगायचं होतं त्यांना. आधी प्रवेश करू म्हणाल्या. केला. मग म्हणाल्या, "काही नाही नाना, उद्या वेळेवर या."

रंगाचा वास काही जात नाही म्हणते. बरंच आहे.

नाना

●

३० मार्च

ती. दादास नमस्कार. (पूर्ण.)

पेपर तपासायचे होते म्हणून आला नाहीस. जन्मभर चुटपुट लागेल तुला, आणि लागू दे.

काल दुपारी नाना म्हणाले, महाराणी, प्रधान आज लवकर झोपणार. मी म्हटलं, झोपा, मीही ह्यांच्या मामांकडे चालले आहे. दोघंही एकमेकांकडे न बघता खोटं बोललो. संध्याकाळी मंडळींची गाडी त्यांना घेऊन गेली. मी मागून रिक्षानं.

विंगेच्या तीन पायऱ्यांना बाईंनी दोन्ही बाजूंनी दोर बांधून घेतला होता. मी जाऊन हलवून बघितला. घट्ट होता.

नाना आले. पहिलं वाक्य बोलले आणि माझ्या शेजारचा माणूस दचकून सरळ बसला. दादा, खांबापर्यंत, दारापर्यंत, बाहेर तिकीटखिडकीपर्यंत आवाज. पूर्ण वाक्यं, एकामागून एक, जिना उतरल्यासारखी. युवराज वेड्यासारखा हसतो आणि प्रधान त्याला विचारतो, वेड्याला आपण वेडे आहोत हे कधी कळतं? मी मान खाली घातली.

चौथ्या अंकात छान मेले. हळू, मांडी सांभाळून, एक हात छातीवर. पुढे युवराजाचं मोठं भाषण. तो प्रेताशेजारी उभा राहिला, आणि त्याला आठवेना. पहिला क्षण लोकांना वाटलं, वेड. दुसरा क्षण वाटलं, दुःख. तिसऱ्या क्षणी मला त्याच्या मानेवरचा घाम दिसला. विंगेत कोणी नव्हतं. तिथे जो असायचा तो मेला होता.

नानांना राहवलं नसणार. कुजबुज द्यायची होती त्यांना, पण ती आता राहिली आहे कुठे? डोळे मिटलेल्या प्रधानानं, निपचित पडल्या जागी, खणखणीत आवाजात सगळ्या हॉलला सांगितलं, "म्हाताऱ्या, मी तुला मारायला आलो नव्हतो, मी सत्याला शोधायला आलो होतो." पहिले तीन शब्द नव्हे, अख्खं वाक्य. युवराजाला बोलायला काही उरलं नाही.

हॉल गार. तपासनीस तिसऱ्या रांगेत होते, ते उभेच राहिले. पण पोरगा हुशार निघाला. प्रेताजवळ गुडघ्यावर बसला, लोकांकडे बघितलं आणि वेड्यासारखा हसत म्हणाला, "ऐकलंत? माझ्या मनातलं आता मेलेलेसुद्धा बोलतात. आणि तुम्ही मला वेडा म्हणता." दादा, छप्पर उडायचं राहिलं. लोक हसत होते की रडत होते ते मला सांगता येणार नाही, माझा स्वतःचा चष्मा धुकटला होता.

शेवटी सगळे ओळीनं वाकले. नानाही. सगळ्यांना दिसेल इतके.

मी आधी निघून आले. आज सकाळी गेले तर खुर्चीत, भिंतीकडे तोंड. "महाराणी," म्हणाले, घसा बसलेला, "प्रधानाला काल गाढ झोप..." बाकीचं सांगितलंच नाही. मी गुळण्यांना पाणी तापवलं.

रंग वाळला आहे, दादा. तीस तारीख आजच. आता माझ्याजवळ सबब नाही आणि त्यांच्याजवळही नाही. त्यांना इकडे आणायचं मनात आहे, आणि त्यांना ओढत आणावं असं मनात नाही. सांगू कसं?

धाकटी

●

३ एप्रिल

चि. धाकटे,

या विषयावर माझ्यापाशी कोणताही न्याय नाही. तू त्यांना खोली दाखव आणि गप्प बस. दोन्ही तुला जमेल असं नाही, पण पहिलं तरी जमेल.

तू फार चांगली आहेस. ताप नाही, मुद्दाम मोजून बघितला.

दादा

●

७ एप्रिल

चि. पंडितास अनेक आशीर्वाद.

प्रयोगाचं तुला कळलं असेलच. तुला सांगितलेली गोष्ट तुझ्यापाशी कधी राहिली आहे? तुला शपथ घातली तेव्हाच धरून चाललो होतो की तिला महिन्याभरात कळणार. मला २९ तारीख हवी होती, आणि तुझी शपथ साधारण तेवढीच टिकते.

तिला वाटतं मला माहीत नाही. काळोखात बघायची अडतीस वर्षांची सवय आहे मला. तालमीत मागच्या रांगेत खांबाशी एक बाई कानामागे हात धरून बसलेली मी पहिल्या दिवशीच पाहिली. आणि कुठला वैद्य रोग्याला शेवटच्या रांगेपर्यंत बोलायला सांगतो? पण तिनं इतकं मन लावून मला वेडा ठरवलं होतं की ओळख द्यायचा धीर झाला नाही. एवढं लांबलचक काम, वही नाही, विंगेत माणूस नाही, आणि एका ठिकाणी अडली नाही. आपल्या घरात खरी नटी तीच. हे तिला कळवू नकोस. या खेपेला खरोखरच कळवू नकोस.

मी आता बरा होत आहे. सावकाश. एकदम बरा झालो तर श्रेय डॉक्टर घेऊन जाईल. रोज थोडा होतो, म्हणजे तिच्या गुळण्यांना जाईल. सोमवारी तिला नावानं हाक मारली. मंगळवारी तपासनिसांना ओळखलं, त्यांना विशेष आनंद झाला नाही.

काल ती मला खोली बघायला घेऊन गेली. भिंती पिवळ्या केल्या आहेत. खिडकीला पडदा, कोपऱ्यात माझ्या उंचीचा कोटाचा स्टँड. जावईबापू दारात उभे, हातात हातोडी, काही ठोकायचं राहिलं असेल तर म्हणून. मी सगळं बघितलं. म्हटलं, "खोली चांगली आहे. उजेड आहे. मी अजून दोनचार वर्षं वरतीच राहतो. पाय म्हणतील तेव्हा मी आपणहून येईन, तुला विचारावं लागणार नाही. हे मी शुद्धीवर सांगतो आहे."

ती पडद्याची सुरकुती काढत राहिली. पंडिता, समोरचं माणूस थांबलं की माझी जीभ आपोआप हलते. तिनं काय म्हणावं त्याचे पहिले तीन शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी दात दाबून उभा राहिलो. दुकानात गिऱ्हाईक आलं, जावईबापू त्याला बसा म्हणून आले.

मग ती म्हणाली, "बरं. खोकी परत इथे ठेवते. पण नाना, उद्या सकाळी सुतार घेऊन येते तुमच्याकडे. सतराच्या सतरा पायऱ्यांना कठडा, दोन्ही बाजूंनी."

मी म्हटलं, "कोणत्या रंगाचा?"

ती म्हणाली, "पिवळा उरला आहे."

नाना